दुकान मोफत, ग्राहकाच्या माहितीची राखण कोणाची?

डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याचे नियम केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित केले, तेव्हा चर्चा रंगली ती प्रामुख्याने बड्या समाजमाध्यम कंपन्यांची, बँकांची आणि देशभर जाळे असलेल्या ऑनलाइन बाजारपेठांची. ते साहजिकच होते. कोट्यवधी नागरिकांची माहिती त्यांच्याकडे आहे. परंतु कायद्याची व्याख्या दुकानाचा आकार पाहत नाही. देवगडचा हापूस थेट पुण्या-मुंबईतील घरी पोहोचविणारा बागायतदार, येवल्याच्या पैठणीची छायाचित्रे टाकून मागणी नोंदविणारा विक्रेता, घरगुती मसाले विकणारा बचत गट किंवा मराठी पुस्तकांचे छोटेसे ऑनलाइन दुकान, यांपैकी ज्याने स्वत:चे संकेतस्थळ उभारून ग्राहकाचे नाव, पत्ता व मोबाइल क्रमांक नोंदवून घेतला, तो या कायद्याच्या भाषेत 'डेटा फिड्युशियरी', म्हणजे ग्राहकाच्या माहितीचा विश्वस्त ठरतो. या माहितीच्या सुरक्षेची वाजवी व्यवस्था न ठेवल्यास होऊ शकणाऱ्या दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये आहे. दंड ठरविताना उल्लंघनाचे गांभीर्य आणि संबंधितावर होणारा परिणाम पाहिला जाणार असल्याने आंबा विकणाऱ्याला कोणी एवढा दंड करील असे नव्हे. तथापि जबाबदारी त्याचीच आहे, आणि ती आपल्यावर आहे याची अशा बहुतेकांना कल्पनाही नसावी.

अशा छोट्या दुकानांपैकी अनेकांचा पाया असतो तो ओपन सोर्स, म्हणजे मुक्तस्रोत सॉफ्टवेअरचा. पूर्वी दुकान थाटायचे तर गाळा, पागडी, फर्निचर आणि गल्ल्यावर बसणारा विश्वासू माणूस एवढे तरी लागे. आता होस्टिंगचे वार्षिक भाडे भरले की एक बटण दाबून दुकानाची सारी सामग्री सर्व्हरवर उतरते. दुकानाचे नाव, चलन, व्यवस्थापकाचा पासवर्ड असे चार-सहा प्रश्न विचारले जातात आणि अर्ध्या तासात दुकान उभे राहते. ग्राहकाच्या खासगीपणाविषयीचे जवळजवळ सर्व महत्त्वाचे निर्णय याच अर्ध्या तासात होऊन जातात. बहुतेकदा ते कोणी विचार करून घेतलेले नसतात. सॉफ्टवेअर तयार करणाऱ्याने जी मूळ रचना ठेवलेली असते, तीच निर्णय म्हणून कायम होते.

या सॉफ्टवेअरचा इतिहास पाव शतकाचा आहे. जर्मनीत मार्च २००० मध्ये सुरू झालेला ओएसकॉमर्स हा या क्षेत्रातील सर्वांत जुन्या प्रकल्पांपैकी एक. त्यातूनच २००३ मध्ये झेन कार्ट फुटून निघाले. २००७ मध्ये फ्रान्समध्ये प्रेस्टाशॉप आले, २००८ मध्ये अमेरिकेतून मॅजेंटो आले आणि २०११ मध्ये वर्डप्रेसला जोडून चालणारे वूकॉमर्स आले. पुढे मॅजेंटो २०१८ मध्ये अडोबी कंपनीने १६८ कोटी डॉलरला विकत घेतले, तर वूकॉमर्स २०१५ पासून ऑटोमॅटिक या कंपनीकडे आहे. मूळ सॉफ्टवेअर मात्र आजही कोणालाही नि:शुल्क घेता येते, त्याची संहिता वाचता येते आणि बदलताही येते.

छोट्या व्यावसायिकाला याचे आकर्षण केवळ पैशाचे नाही. मोठ्या ऑनलाइन बाजारपेठेत माल विकला की कमिशन जातेच, शिवाय ग्राहकही बाजारपेठेचाच राहतो. कोणी काय घेतले, पुन्हा कधी घेतले, कोणत्या भागातून मागणी वाढते आहे, हे ज्ञान विक्रेत्याच्या हाती पूर्णपणे लागत नाही. स्वत:च्या सर्व्हरवर स्वत:चे दुकान मांडले की ही सारी माहिती आपल्या कपाटात येते. ओपन सोर्सचे पुरस्कर्ते हा मुद्दा अभिमानाने मांडतात आणि तो खराही आहे. मात्र कपाट आपले झाले की कुलूपही आपणच लावावे लागते, हा त्याच मुद्द्याचा दुसरा भाग इन्स्टॉल करण्याच्या घाईत कोणी सांगत नाही.

या कपाटात असते तरी काय? नाव, पत्ता, मोबाइल, ई-मेल हे तर उघडच आहे. त्याशिवाय प्रत्येक ऑर्डरसोबत ग्राहकाच्या इंटरनेट जोडणीचा पत्ता नोंदला जातो. भेट म्हणून वस्तू पाठविली असेल तर ज्याने दुकानाचे नावही ऐकलेले नाही अशा तिसऱ्याच माणसाचा पत्ता आणि क्रमांक त्यात येतो. 'दुपारी दोननंतर घरी कोणी नसते, शेजारी द्या' अशी सूचना ग्राहक स्वत:च्या हाताने लिहून देतो आणि ती वर्षानुवर्षे तशीच राहते. अर्धवट सोडलेल्या खरेदीचा पाठपुरावा करणारी काही प्लगइन तर ग्राहकाने ऑर्डर देण्याचे बटण दाबण्यापूर्वीच, रकान्यात टंकलेला ई-मेल उचलून ठेवतात. आणि सर्वांत नाजूक गोष्ट म्हणजे काय मागविले. मधुमेहाची औषधे, अंतर्वस्त्रे, विशिष्ट विचारांची पुस्तके, गर्भारपणातील आहार: एकट्या वस्तूच्या नावावरून घरातील बरेच काही कळते. वाण्याच्या उधारीच्या वहीतही हे सारे असे. फरक एवढाच, की ती वही एका वेळी एकाच माणसाला वाचता येई आणि ती दुकानातून नाहीशी झाली तर दुसऱ्या दिवशी कळे.

जुन्या चुकांची उजळणी

ओएसकॉमर्सच्या उमेदीच्या काळातील तीन गोष्टी आज मुद्दाम आठवाव्यात अशा आहेत. पहिली म्हणजे व्यवस्थापकाच्या दालनाला सुरुवातीच्या आवृत्त्यांत लॉगिनच नव्हते. ते फोल्डर सर्व्हरच्या पातळीवर पासवर्डने बंद करणे दुकानदारावर सोपविलेले होते. सूचना वाचणाऱ्याने ते केले. न वाचणाऱ्याच्या दुकानात नेहमीचा पत्ता टंकला की कोणालाही ऑर्डरी दिसत. २००७ च्या सुमारास आलेल्या आवृत्तीत लॉगिनची सोय झाली.

दुसरी गोष्ट क्रेडिट कार्डाची. त्यातील एका मूळ सुविधेत कार्डाचा क्रमांक डेटाबेसमध्ये साठविला जाई. सुरक्षेचा उपाय म्हणून अशी सोय होती, की क्रमांकाचे मधले आकडे दुकानदाराला ई-मेलने जातील आणि बाहेरचे आकडे डेटाबेसमध्ये राहतील. एकच क्रमांक दोन ठिकाणी फोडून ठेवला की चोराला दोन्ही घरे फोडावी लागतील, असा हिशेब. आज हे वाचून हसू येईल. पण तेव्हा छोट्या दुकानदारांना पेमेंट गेटवे परवडत नसत, म्हणून हजारोंनी ही पद्धत वापरली असेल, तर त्यात नवल नाही.

तिसरी गोष्ट अधिक बोलकी आहे. ग्राहकाची ओळख टिकविण्यासाठी लागणारा सांकेतिक क्रमांक अनेकदा पानाच्या पत्त्यातच जोडला जाई. एखाद्या ग्राहकाने 'ही वस्तू बघ' म्हणून तो पत्ता जसाच्या तसा मैत्रिणीला पाठविला, की ती मैत्रीण पहिल्या ग्राहकाच्या खात्यात उतरण्याची शक्यता निर्माण होई. तिचे नाव, तिचा पत्ता, तिची टोपली सारे समोर. हे टाळण्याचे पर्याय सॉफ्टवेअरमध्ये होते. कुकीची सक्ती करा, शोधयंत्रांना असा क्रमांक देऊ नका, अशी बटणे दिलेली होती. मात्र इन्स्टॉल केल्यानंतर ती शोधून चालू करणे दुकानदारावर होते. यात कोणी हल्लेखोर नव्हता, कोणी पासवर्ड फोडला नव्हता. मूळ रचना तशी होती, एवढेच.

ही सॉफ्टवेअर पुढे खूप सुधारली. इन्स्टॉल झाल्यावर 'इन्स्टॉल' नावाचे फोल्डर काढून टाका, असा इशारा ओएसकॉमर्स दुकानाच्या माथ्यावरच झळकवीत असे. ओपनकार्टही तसेच बजावते. मॅजेंटोची दुसरी आवृत्ती व्यवस्थापकाच्या दालनाला आपणहून अवघड पत्ता देते. तरीही मूळ प्रश्न तोच राहिला: ज्या निर्णयाचे परिणाम ग्राहकाला भोगावे लागणार, तो निर्णय अशा रकान्यात दडलेला असतो जो दुकानदार उघडून पाहत नाही.

वूकॉमर्सचेच उदाहरण घ्या. युरोपीय महासंघाचा माहिती संरक्षणाचा कायदा २५ मे २०१८ रोजी लागू झाला. त्याच्या तोंडावर वर्डप्रेसने ग्राहकाच्या मागणीनुसार त्याची माहिती काढून देण्याची व पुसण्याची साधने दिली आणि वूकॉमर्सने जुन्या ऑर्डरी व निष्क्रिय खाती किती काळ ठेवायची हे ठरविण्याचे रकाने दिले. हे रकाने मुळात कोरे असतात. कोरे याचा अर्थ माहिती कायम ठेवायची. रद्द झालेली ऑर्डर, पैसे न भरलेली ऑर्डर, पाच वर्षांपूर्वी एकदा येऊन गेलेला ग्राहक, सारे जिथल्या तिथे. सॉफ्टवेअर बनविणाऱ्यांना दोष देता येणार नाही. कोणत्या देशातील कोणत्या दुकानाला करासाठी किती वर्षांच्या नोंदी लागतील हे त्यांना कसे कळणार? मात्र हिशेबासाठी बीजक ठेवणे वेगळे आणि ग्राहकाचा मोबाइल क्रमांक कायम ठेवणे वेगळे, हा भेद करण्याचे काम कोणीतरी करावे लागते. ते होत नाही.

पाहुण्यांची गर्दी

मूळ सॉफ्टवेअर इन्स्टॉल करून कोणी थांबत नाही. थीम हवी, पेमेंटची सोय हवी, कुरिअरशी जोडणी हवी, व्हॉट्सअ‍ॅपचे हिरवे बटण हवे, किती लोक आले हे मोजणारे साधन हवे, समाजमाध्यमांवरील जाहिरातीचा परिणाम कळावा म्हणून त्यांचा 'पिक्सेल' हवा. वापराविषयीची माहिती मूळ कंपनीकडे पाठवावी काय, असे वूकॉमर्स दुकानदाराला विचारते आणि त्याने होकार दिला तरच ती जाते. या पाहुण्यांच्या बाबतीत मात्र ग्राहकाला विचारण्याचे काम दुकानदाराचे असते. वस्तूच्या पानाच्या पत्त्यातच वस्तूचे नाव असल्याने, कोणी कोणती वस्तू पाहिली हे त्या पिक्सेलच्या मालकाला आयतेच कळते. म्युनिकच्या न्यायालयाने २० जानेवारी २०२२ रोजी दिलेल्या एका निकालात, संकेतस्थळाने गुगलच्या सर्व्हरवरून अक्षरांचे फाँट मागविल्याने भेट देणाऱ्याच्या इंटरनेट जोडणीचा पत्ता त्याच्या संमतीविना गुगलकडे गेला, म्हणून १०० युरोची भरपाई देण्यास सांगितले. अनेक तयार थीम फाँट अशाच रीतीने मागवीत असतात. भारतात इतका बारीक विचार लवकर होईल असे नाही, पण दुकानाच्या मालकाला माहीत नसताना त्याच्या दुकानातून माहिती बाहेर जाते ती कशी, हे त्या निकालाने दाखवून दिले.

जोडलेल्या प्लगइनमधील दोष हा त्याहून गंभीर प्रकार. २०२३ मध्ये वूकॉमर्सला स्ट्राइप या पेमेंट सेवेशी जोडणाऱ्या प्लगइनमध्ये एक त्रुटी सापडली. ते सुमारे ९ लाख संकेतस्थळांवर बसविलेले होते. लॉगिन न करताही कोणालाही दुसऱ्याच्या ऑर्डरवरील नाव, ई-मेल व पूर्ण पत्ता पाहता येईल, असा तो दोष होता. सुधारित आवृत्ती मे २०२३ अखेर आली. ज्यांनी ती चढविली नाही त्यांची दारे उघडीच राहिली. २०२५ मध्ये मॅजेंटोच्या बाबतीत आणखी विलक्षण प्रकार उघडकीस आला. तीन विक्रेत्यांच्या २१ विस्तारांत चोरवाट आढळली. ती २०१९ मध्येच घुसविलेली होती आणि सहा वर्षे निपचित राहून एप्रिल २०२५ मध्ये जागी झाली. ज्या दुकानदारांनी रीतसर पैसे भरून, नावाजलेल्या ठिकाणाहून ही भर घेतली, त्यांनी काय काळजी घ्यायला हवी होती हे सांगणे कठीण आहे. पैसे वाचविण्यासाठी महागड्या थीमची 'फुटलेली' प्रत इकडून तिकडून मिळवून बसविणाऱ्यांविषयी मात्र सहानुभूती बाळगण्याचे कारण नाही. तशा प्रतींत चोरवाट असणे हा अपवाद नसतो; अनेकदा त्या वाटल्याच जातात त्यासाठी.

आणि मग राहिल्या विसरलेल्या प्रती. ऑनलाइन दुकानांच्या सुरक्षेवर काम करणाऱ्या सॅनसेक या डच संस्थेने २०२३ मध्ये दोन हजारांहून अधिक दुकाने तपासली, तेव्हा सुमारे १२ टक्के दुकानांत डेटाबेसच्या किंवा साऱ्या संकेतस्थळाच्या बॅकअप फाइल सार्वजनिक फोल्डरमध्ये पडलेल्या आढळल्या. घाईत कोणीतरी सर्व्हरवरच प्रत काढून ठेवतो, काम झाल्यावर ती पुसायची राहते. तिचे नावही बहुधा अंदाजाने ओळखता येईल असेच असते. अशी फाइल उतरवून घेणाऱ्याला काहीही फोडावे लागत नाही.

हंगाम संपल्यावर

मुक्तस्रोत सॉफ्टवेअरमध्ये दोष सापडला की तो जाहीर होतो, दुरुस्तीही जाहीर होते. ही त्याची ताकद आहे. पण दुरुस्ती जाहीर होणे म्हणजे दुरुस्त न केलेल्या दुकानांचा दोषही जाहीर होणे. मॅजेंटोतील 'शॉपलिफ्ट' नावाने गाजलेल्या दोषावर फेब्रुवारी २०१५ मध्ये उपाय आला; एप्रिलमध्ये तपशील जाहीर झाला, तेव्हाही असंख्य दुकाने दुरुस्तीविना होती. मॅजेंटोच्या पहिल्या आवृत्तीचा अधिकृत आधार ३० जून २०२० रोजी संपला. त्यानंतर तीन महिन्यांच्या आत, सप्टेंबरमधील एका शनिवार-रविवारी सुमारे १९०० दुकानांत ग्राहकाने टंकलेली माहिती चोरणारी संहिता घुसविण्यात आली. अशा टोळ्यांना 'मेजकार्ट' हे नाव पडले तेच मुळी मॅजेंटोवरून. २०२४ मध्ये 'कॉस्मिकस्टिंग' हा दोष आला. अडोबीने जूनमध्ये उपाय दिला. पण हल्लेखोरांनी दुकानाची गुप्त किल्ली आधीच वाचून घेतली असेल, तर नवी आवृत्ती चढवूनही भागत नव्हते. किल्लीच बदलावी लागत होती. सॅनसेकच्या त्या वर्षीच्या मोजणीनुसार मॅजेंटोवरील सुमारे ५ टक्के दुकाने, म्हणजे चार हजारांहून अधिक, या मार्गाने फोडली गेली. त्यांतील काहींनी दुरुस्ती केली होती. कुलूप बदलले, पण जुनी किल्ली चालूच राहिली, असा तो प्रकार.

आता हे कोकणातील आंब्याच्या दुकानाला लावून पाहावे. मार्च ते मे असा जेमतेम तीन महिन्यांचा धंदा. फेब्रुवारीत कोणीतरी संकेतस्थळ 'जागे' करतो, पेटीचे भाव बदलतो, नवी छायाचित्रे टाकतो. जूनच्या पहिल्या पावसाबरोबर दुकानाकडे पाहणे बंद होते. पुढचे आठ-नऊ महिने ऑर्डरी नसतात, पण ग्राहकांची सारी यादी सर्व्हरवर असते आणि सॉफ्टवेअरच्या सूचना कोणी न वाचणाऱ्या ई-मेल पत्त्यावर साचत राहतात. दिवाळीचा फराळ, आकाशकंदील, राख्या विकणाऱ्यांचे गणितही असेच. कुलूप लावून गावी गेलेल्या माणसाच्या घरावर पाळत ठेवणे सोपे असते. येथे तर पाळत ठेवायला माणूसही लागत नाही, ते काम यंत्रे चोवीस तास करीत असतात.

भारतातील ग्राहकाचा धोका थोडा वेगळ्या स्वरूपाचा आहे, हे येथे नमूद करावयास हवे. रिझर्व्ह बँकेने २००९ पासून ऑनलाइन कार्ड व्यवहारांना जास्तीच्या पडताळणीची अट घातली. १ ऑक्टोबर २०२२ पासून तर विक्रेत्याला कार्डाचा मूळ क्रमांक साठविण्यास मनाई झाली. त्याऐवजी टोकन वापरले जाते. त्यामुळे परदेशी टोळ्यांना येथील दुकान फोडून कार्डांचे जे घबाड मिळायला हवे ते तितके मिळत नाही. मिळतो तो पत्ता, मोबाइल क्रमांक आणि कोणी काय, कधी, किती रुपयांना घेतले याचा तपशील. 'तुम्ही गेल्या मंगळवारी अमुक वस्तू मागविली होती' असे अचूक सांगून सुरू झालेल्या फोनवर माणूस सहज विश्वास ठेवतो. कार्ड एका फोनवर बंद करता येते. राहते घर आणि पंधरा वर्षांचा मोबाइल क्रमांक बदलता येत नाही.

कायद्याची आणि व्यवहाराची गाठ अडते ती येथे. बागायतदार स्वत: काही इन्स्टॉल करीत नाही. ते काम करतो 'वेबसाइट बनवून देणारा': ओळखीतला तरुण, शहरातील एक-दोन माणसांची संस्था किंवा अभियांत्रिकीचा विद्यार्थी. होस्टिंग बऱ्याचदा त्याच्याच नावावर, व्यवस्थापकाचा पासवर्ड व्हॉट्सअ‍ॅपवर पाठविलेला, बॅकअप त्याच्या लॅपटॉपवर. नवा बदल करून पाहण्यासाठी काढलेली चाचणीची प्रत खऱ्या ग्राहकांच्या यादीसह कुठल्यातरी उपपत्त्यावर उघडी. कामाचे पैसे एकदाच दिले जातात. देखभालीचा वार्षिक करार 'कशाला हवा' म्हणून टाळला जातो. यात कोणाचा वाईट हेतू नसतो. पाच-दहा हजार रुपयांत दुकान उभारून देणाऱ्याने आयुष्यभर पहारा द्यावा, ही अपेक्षाही अवाजवी आहे.

कायदा मात्र या दोघांतील व्यवहार पाहत नाही. कलम ८ नुसार, काही करार झालेला असो वा नसो, विश्वस्ताच्या वतीने दुसऱ्या कोणी माहिती हाताळली तरी उत्तरदायी विश्वस्तच असतो. माहिती फुटली तर डेटा संरक्षण मंडळाला विनाविलंब कळवायचे, ७२ तासांत तपशील द्यायचा आणि प्रत्येक बाधित ग्राहकालाही कळवायचे, असे नियम सांगतात. कोणी केव्हा आत शिरले याच्या नोंदी किमान एक वर्ष ठेवावयाच्या आहेत. ज्याला आपल्या सर्व्हरचा पासवर्डही ठाऊक नाही, तो हे कसे करणार? या मुख्य जबाबदाऱ्यांसाठी नियमांनी अठरा महिन्यांची, म्हणजे मे २०२७ पर्यंतची मुदत ठेवली. कायद्याच्या कलम १७ नुसार सरकार नवउद्योगांसह काही वर्गांना निवडक तरतुदींतून सूट देऊ शकते. त्या यादीत ग्राहकाला द्यावयाची सूचना आणि मुदतीनंतर माहिती पुसणे यांचा समावेश आहे; सुरक्षेची व्यवस्था आणि फुटीची खबर देणे यांचा नाही. म्हणजे सूट मिळालीच तरी कुलपाची जबाबदारी सुटत नाही.

सूचनेच्या बाबतीत एक तरतूद मराठी ग्राहकाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. माहिती कशासाठी घेतली जात आहे हे इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील कोणत्याही भाषेत वाचण्याचा पर्याय ग्राहकाला असला पाहिजे. सध्या बहुतेक दुकानांच्या तळाशी दिसणारे 'प्रायव्हसी पॉलिसी'चे पान सॉफ्टवेअरसोबत आलेल्या नमुन्याची किंवा दुसऱ्या संकेतस्थळाची नक्कल असते. कुठे तर मूळ दुकानाचे नावही बदलायचे राहून गेलेले. पेटी घरपोच करण्यासाठी दिलेला क्रमांक पुढच्या हंगामाच्या जाहिरातीसाठी वापरणे हा वेगळा हेतू आहे, हे त्या पानावर लिहिलेले नसते. कारण लिहिणाऱ्याने तसा विचारच केलेला नसतो.

मग ओपन सोर्सचा नाद सोडून मासिक भाडे घेणाऱ्या तयार सेवेकडे जावे काय? दुरुस्त्या आपोआप होतात, पहारा कंपनीचा असतो, हे तिचे लाभ खरे आहेत आणि ज्याच्याकडे संकेतस्थळाकडे पाहणारा माणूसच नाही त्याला तेच सोयीचे ठरेल. पण ती अभेद्य असते असेही नाही. शॉपिफाय या प्रसिद्ध सेवेने सप्टेंबर २०२० मध्ये जाहीर केले, की तिच्याच दोन कर्मचाऱ्यांनी दोनशेहून कमी विक्रेत्यांच्या ग्राहकांच्या नोंदी मिळविण्याचा घाट घातला होता. उलट जुलै २०२१ मध्ये वूकॉमर्समध्ये गंभीर दोष सापडला, तेव्हा मूळ कंपनीने दुरुस्ती दुकानांवर आपणहून चढविण्याची व्यवस्था केली. संहिता उघडी असल्याने दोष शोधणारेही बाहेरचे असू शकतात, आणि दुकानदाराने ठरविले तर एखादी नोंद खरोखर पुसली गेली की नाही हे त्याला स्वत: पाहता येते. तयार सेवेत ते कंपनीच्या शब्दावर मानावे लागते. तेव्हा दोष ओपन सोर्सचा नाही. राखणदाराचा पगार कोणाच्या हिशेबात धरलेलाच नाही, हा खरा प्रश्न आहे, आणि मोफत सॉफ्टवेअरमध्ये तो जास्त लपतो.

इन्स्टॉल करतानाच काही गोष्टी केल्या तर बराच भार हलका होतो. ज्या रकान्याची गरज नाही तो अर्जातून काढावा. कुरिअरला जन्मतारीख लागत नाही. पाहुणा म्हणून खरेदी करू द्यावी, खाते उघडण्याची सक्ती करू नये. माहिती किती काळ ठेवायची याचे कोरे रकाने पहिल्याच दिवशी भरावेत. होस्टिंग आणि डोमेन दुकानदाराच्या नावावर असावेत, बॅकअप सार्वजनिक फोल्डरच्या बाहेर. चाचणीच्या प्रतीत खोटी नावे घालावीत. बनवून देणाऱ्याशी देखभालीचा करार करावा, मग तो हंगामापुरता नसून बारा महिन्यांचा असावा. यातील कशालाही मोठा खर्च नाही. वार्षिक देखभालीचे पैसे सोडले तर.

सर्वांत अवघड प्रश्न बंद पडलेल्या दुकानांचा आहे. २०२० च्या टाळेबंदीत अनेकांनी घाईघाईने ऑनलाइन दुकाने थाटली आणि बाजार पूर्ववत झाल्यावर ती तशीच सोडून दिली. होस्टिंगचे पैसे भरणे थांबले की सर्व्हरवरील माहिती काही काळाने पुसली जाते, पण बनवून देणाऱ्याच्या लॅपटॉपवरील प्रत राहते. डोमेनची मुदत संपली की ते नाव कोणालाही विकत घेता येते. नव्या मालकाने तेथे टपाल घेण्याची व्यवस्था केली, की जुन्या दुकानाच्या पत्त्यावर येणारे सारे ई-मेल त्याच्याकडे जातात: जुन्या ग्राहकांच्या चौकशा, कुरिअर कंपनीच्या सूचना, आणि त्या पत्त्याने उघडलेली खाती अजून चालू असतील तर त्यांचा पासवर्ड बदलण्याचे दुवेही.